फंक अल्बमची प्रगती: ठेका टेपवर उतरला, आता ब्रास

आमच्या फंक अल्बमच्या आठही गाण्यांचा ठेका टेपवर आला आहे: ड्रम, बेस, दोन गिटारी, क्लॅव्हिनेट (तारांचं विजेवरचं कीबोर्ड) आणि ऑर्गन. ब्रास, म्हणजे ट्रम्पेट आणि सॅक्स, निम्म्याच्या पुढे गेला आहे. काँगा (हातानं वाजवायचे उभे ड्रम), गायन आणि मिक्स बाकी. लूप (परत परत फिरवलेला तुकडा) नाही, सॅम्पल (दुसऱ्या रेकॉर्डमधून उचललेला तुकडा) नाही, संगणकात सरकवून सरळ केलेला एकही ठोका नाही.

मोठ्या खंडानंतर फंक बँड पुन्हा उभा राहतो तेव्हा सगळं लक्ष जुनी वाद्यं आणि जुने माइक गोळा करण्याकडे जातं. त्याचा उपयोग आहे, पण आमच्या मते तो दुय्यम. सत्तरच्या दशकातल्या त्या आवाजाचं मर्म स्वर किती लवकर थांबतो यात आहे. समेवर सगळे एकत्र येतातच. त्यानंतर सगळे एकत्र गप्प होतात का, हे ऐकायचं. म्हणून खालच्या बऱ्याचशा नोंदी आस, म्हणजे स्वराची लांबणारी गुंज, तोडण्याच्या आहेत.

ड्रम

किक (पायानं वाजणारा मोठा ड्रम) २० इंची, दोन्ही हेड (ताणलेले पडदे) शाबूत, पुढच्या हेडला भोक नाही. आत उशी कोंबली की नुसता टकटक आवाज उरतो, म्हणून दोन्ही हेडना आतून साधारण ५ सेंटीमीटर रुंदीची फेल्टची पट्टी, मध्यापासून थोडी बाजूला. टॉमवर सुती कापड, कडेला चिकटपट्टीने धरलेलं. स्नेअर (खाली तारा असलेला ड्रम) धातूचा, १४ बाय ५ इंच, वर कोटेड (खरखरीत लेपाचं) हेड, खालचं हेड वरच्यापेक्षा घट्ट. स्नेअरच्या तारांकडे सर्वात जास्त वेळ द्यावा लागतो. त्या जास्त आवळल्या तर घोस्ट नोट, म्हणजे अगदी हलके ठोके, मरतात. सैल सोडल्या तर बेसच्या खर्जाबरोबर त्या आपोआप झणझणतात. तारा आवळण्याआधी खालच्या हेडचे, तारांच्या दोन्ही टोकांलगतचे चार लग (हेड ताणणारे स्क्रू) किंचित सैल करून बघा. बहुतेक वेळा तेवढ्यानं झणझण उतरते आणि हलके ठोके शाबूत राहतात.

फंक गायक जेम्स ब्राउनच्या बँडमधल्या ड्रमर क्लाइड स्टबलफील्डचं वादन ऐकताना लक्ष दुसऱ्या-चौथ्या मात्रेकडे जातं, पण ठेका पुढे नेतात ते मधले जेमतेम ऐकू येणारे ठोके. ते वाजवताना काठीचं टोक हेडपासून दोन-तीन सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. इथे माइकवर जोरदार कंप्रेशन (मोठे आवाज दाबणं) लावून हलके ठोके वर आणायचा मोह टाळायचा. त्यांच्याबरोबर हाय-हॅटही (पायानं उघडमीट होणाऱ्या झांजा) वर येतो आणि सगळा ठेका सळसळू लागतो. हाय-हॅट फार मोठा वाटत असेल तर तो हलका वाजवणं हाच उपाय आहे.

माइक तीनच. एक किकसमोर, एक स्नेअर आणि हाय-हॅटच्या मध्ये पण पाठ हाय-हॅटकडे, आणि एक वरून, ड्रमरच्या उजव्या खांद्याच्या बाजूनं, स्नेअरच्या मध्यापासून १ मीटरवर. ध्वनीला एक मीटर जायला सुमारे २.९ मिलिसेकंद लागतात, त्यामुळे वरचा माइक आणि जवळचे माइक एकमेकांना कापू शकतात. प्रत्येक जवळच्या माइकची पोलॅरिटी (सिग्नलची धन-ऋण दिशा) उलटून ऐका आणि ज्या स्थितीत खर्ज भरलेला वाटतो ती कायम ठेवा. तिन्ही माइक मिसळून टेपच्या एकाच ट्रॅकवर जातात. नंतर काही सुटं करता येत नाही, म्हणून समतोल टेक (एक सलग ध्वनिमुद्रण) घेण्याआधीच पक्का.

बेस आणि तारा

बेसवर फ्लॅटवाउंड (वरून सपाट, गुळगुळीत) तारा, ०.०५२ ते ०.११० इंच. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसनच्या १९६२ च्या फेंडर प्रिसिजन बेसवर अशाच जाड, ला बेला कंपनीच्या तारा होत्या, ब्रिजच्या (तारांच्या खालच्या टोकाची घोडी) झाकणाखाली फोम होता, आणि तार तुटल्याशिवाय तो ती बदलत नसे. मात्र आजच्या नेहमीच्या ०.०४५–०.१०५ संचावरून थेट या तारांवर आलं की दोन अडचणी येतात. जाड तार नटच्या (मानेच्या वरच्या टोकाची पट्टी) खाचेत पूर्ण बसत नाही, वरच राहते, आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर (मानेवरचे आडवे पडदे) स्वर चढा लागतो. खाच नीट घासून रुंद करावी लागते. दुसरं, ताण वाढल्यानं मान पुढे वाकते. ट्रस रॉड (मानेतली ताण सावरणारी सळई) एका वेळी पाव फेऱ्याहून जास्त फिरवू नये, रात्रभर तसाच ठेवून मग मोजावं. मधल्या फ्रेटांवर तारेखाली ०.३ मिलिमीटरच्या आसपास फट पुरते.

फोम मऊ, ब्रिजला लागून, तारेला नुसता टेकेल इतकाच. जोरात दाबला तर तार वर उचलली जाऊन बेसूर होते, शिवाय बारीक जी तार सगळ्यात आधी मुकी होते. फोम जी तारेच्या बाजूला उतरता कापला की चारही तारांची आस सारखी तुटते.

आता पट्टीचा प्रश्न. गिटारवाल्यांना ई सोयीचा, कारण मोकळ्या तारा हाताशी असतात. पण ई म्हणजे ट्रम्पेट आणि टेनर सॅक्सला सहा शार्प (चढे स्वर), बॅरिटोन सॅक्सला सात. वेगवान ब्रास फ्रेझ अशा पट्टीत अडखळतात आणि शेवट एकत्र तुटत नाही. यावर उतारा म्हणजे दोन्ही गिटारी आणि बेस अर्धा स्वर खाली, ई फ्लॅटला लावायचे. बोटं ई चीच राहतात, ट्रम्पेट-टेनर एका फ्लॅटच्या (उतरत्या स्वराच्या) एफमध्ये येतात, बॅरिटोन थेट सीमध्ये. जाड फ्लॅटवाउंड तारा इतक्या उतरवूनही लिबलिबत नाहीत. ट्रस रॉड मात्र याच उतरवलेल्या सुरावर लावायचा.

गिटारीत जेम्स ब्राउनचा गिटारवादक जिमी नोलननं रुळवलेली चिकन स्क्रॅच पद्धत पाळली आहे: उजवा हात मात्रेचे चारही भाग न थांबता फिरत राहतो, आणि स्वर येतो की नाही हे डाव्या हाताचा दाब ठरवतो. पूर्ण कॉर्ड वरच्या तीन तारांवरच. दुसरी गिटार एकेका स्वराची मुकी ओळ वाजवते, पहिलीच्या एक सप्तक खाली. दोन्ही एकाच सप्तकात आल्या की क्लॅव्हिनेटला जागाच उरत नाही.

क्लॅव्हिनेटच्या डी६ मॉडेलला ६० पट्ट्या, आणि प्रत्येक पट्टीखाली रबराचं छोटं टोक असतं. तेच तारेला धातूच्या ऐरणीवर दाबतं. हे रबर काळानं विरघळून चिकट होतं. मग पट्टी सोडली तरी तार लगेच सुटत नाही, म्याऊसारखा ओढलेला आवाज येतो आणि स्वराचा शेवट उशिरा होतो, म्हणजे या संगीताला जे अजिबात चालत नाही तेच. दोन-चार टोकं बदलून भागत नाही. बाकीचीही त्याच मार्गावर असतात. साठच्या साठ बदलावीत, आणि नवी बसवण्याआधी ऐरणीवर व तारांवर राहिलेला चिकटा पूर्ण पुसावा. तारांच्या टोकाला विणलेली लोकर विरळ झाली असेल तर तीही नव्यानं विणायची, कारण पट्टी सुटल्यावर आस मारायचं काम तिचं आहे.

लय

परत आलेल्या बँडमध्ये सगळ्यात आधी विसंगत होतो तो झोल (स्विंग), म्हणजे अर्ध्या मात्रेची विभागणी. १०० बीपीएमला (मिनिटाला १०० मात्रा) अर्धी मात्रा ३०० मिलिसेकंदांची. सरळ विभागली तर १५० आणि १५०. ५४ टक्के झोल दिला तर १६२ आणि १३८. हाय-हॅट झोलात आणि गिटार सरळ असेल तर १२ मिलिसेकंदांचा फरक पडतो. तो चूक म्हणून ऐकू येत नाही, नुसता ठेका धूसर वाटतो आणि सगळे उगाच जोरानं वाजवू लागतात. सराव फक्त हाय-हॅट आणि ऱ्हिदम गिटार या दोघांचा घ्यावा, बाकी सगळे शांत. त्यांचं जुळलं की बेस, मग किक. मेट्रोनोम निम्म्या वेगावर लावून तो दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर ऐकायची सवय लावा. टेकमध्ये मात्र तो सुरुवातीच्या मोजणीपुरताच. शेवटापर्यंत लय दोन बीपीएमनं चढली तर चढू द्या, ती गाण्याचाच भाग आहे.

टेप

यंत्र आठ ट्रॅकचं, अर्ध्या इंचाची टेप. ब्रुकलिनच्या डॅप्टोन रेकॉर्ड्सनं शेरन जोन्स अँड द डॅप-किंग्ज या फंक-सोल बँडचं बरंच काम आठ ट्रॅकवरच केलं, तेव्हा कमी ट्रॅक हा अडसर मानायचं कारण नाही. सेकंदाला ३८ सेंटीमीटर वेगानं २५०० फुटी रीळ ३३ मिनिटं चालतं. कडेच्या ट्रॅकवर तार स्वर आधी झिजतात, म्हणून १ वर बेस आणि ८ वर ऑर्गन. ड्रम, ब्रास आणि आवाज आतल्या ट्रॅकवर.

सगळे एका खोलीत वाजवतात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये जाणारच. दोन माइकमधलं अंतर प्रत्येक माइकच्या वाद्यापासूनच्या अंतराच्या किमान तिप्पट ठेवलं की तो त्रास न होता खोली म्हणून ऐकू येतो. एकजण चुकला तर एकट्याची दुरुस्ती शक्य नाही. पूर्ण टेक पुन्हा, किंवा ब्रेकवर दोन टेक जोडायचे. जोडताना काप जवळजवळ उभा हवा. अर्ध्या इंचाच्या टेपवर ४५ अंशांचा तिरपा काप दिला तर पहिल्या आणि आठव्या ट्रॅकच्या सांध्यात जवळपास ३३ मिलिसेकंदांचं अंतर पडतं, म्हणजे बेस एका टेकमधला आणि ऑर्गन अजून दुसऱ्या टेकमधला. काप समेच्या अलीकडच्या शांततेतच द्या.

प्रत्येक रिळाच्या सुरुवातीला ४४० हर्ट्झचा सूर ध्वनिमुद्रित करून ठेवला आहे. यंत्राचा वेग एक टक्क्यानं बदलला तर सूर १७ सेंट (अर्ध्या स्वराच्या शंभर भागांतले १७) सरकतो, आणि तो फरक ब्रास भरतानाच उघडा पडतो. आधी हा सूर तपासायचा, वेग जुळवायचा, मगच वाद्यं लावायची.

ब्रास

ट्रम्पेट, टेनर आणि बॅरिटोन सॅक्स एकाच रिबन (आत धातूची पातळ फीत असलेल्या) माइकभोवती: बॅरिटोन साधारण ४५ सेंटीमीटरवर, टेनर ६० वर, ट्रम्पेट १२० वर. समतोल पायांनी, म्हणजे पुढे-मागे सरकून, साधायचा, फेडरनं (मिक्सरवरच्या आवाजाच्या सरकत्या बटनानं) नव्हे. रिबनवर थेट हवेचा झोत आला तर ती ताणली जाते, म्हणून ट्रम्पेटचं तोंड माइकच्या किंचित बाजूला वळलेलं असावं.

फुंकवाद्यांचा सूर तापमानाबरोबर चढतो, एका अंशाला सुमारे ३ सेंट. खोली पाच अंशांनी तापली तर १५ सेंट, आणि टेपवरचं क्लॅव्हिनेट तर हलणार नाही. वाद्यं आधी फुंकून गरम करायची, टेपवरच्या कॉर्डला लावायची, दर टेकआधी पुन्हा बघायची. आधीचे ट्रॅक ऐकताना यंत्र सिंक हेडवर (मुद्रणाच्याच हेडनं ऐकवण्याची सोय) असतं आणि त्यात तार स्वर दबतात. हाय-हॅट बोथट ऐकू येतो आणि ब्रास मागे रेंगाळतो. हेडफोनमध्ये ड्रम ट्रॅकचे तार स्वर थोडे वाढवून दिले की फरक लगेच पडतो.

लिहून दिलेल्या भागांत प्रत्येक स्टॅबनंतरचा (ब्रासच्या छोट्या, तुटक स्वरानंतरचा) विराम स्पष्ट लिहिला आहे. नुसतं ‘छोटा’ लिहिलं तर तिघांचे तीन छोटे होतात. चौथ्या मात्रेच्या तिसऱ्या भागावर तोडायचं म्हणजे तिथेच, जिभेनं बंद करून. सध्या दोन गाण्यांत बॅरिटोनचा शेवट लांबतो आहे. ते भाग पुन्हा घेणार आहोत.

पुढचं काम

काँगा आणि टँबरिन, मग मुख्य आवाज, मग मिक्स. मिक्स आधी मोनोत, म्हणजे डावं-उजवं न करता, उभा करायचा. गिटार डावीकडे आणि क्लॅव्हिनेट उजवीकडे नेणं शेवटी. अल्बम बारा इंची एलपीवर जाणार असल्यानं प्रत्येक बाजूला १८ मिनिटांच्या आत राहायचं आहे आणि १५० हर्ट्झच्या खालचं सगळं मध्यात. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांवर बाहेरच्या कडेला खोबण सुईखालून सेकंदाला सुमारे ५१ सेंटीमीटर सरकते, आत लेबलजवळ जेमतेम २१. तिथे जोरदार ब्रास आणि टोकदार ‘स’ दोन्ही फाटतात. म्हणून ट्रम्पेट सर्वांत वर जाणारी दोन गाणी प्रत्येक बाजूच्या सुरुवातीला ठेवली आहेत आणि ऑर्गनची दोन संथ गाणी शेवटी. मधल्या चार गाण्यांचा क्रम गायन झाल्यावर ठरेल.