ओव्यांवरचा लाल रंग: कीटक-प्रतीकांवरची माझी पीएचडी

पीएचडी होऊन तीन वर्षं होत आली, पण अजून कुणी 'सिमिलॅरिटी रिपोर्ट' (थिसिसमधला किती मजकूर दुसरीकडच्या लिखाणाशी जुळतो हे सॉफ्टवेअरने टक्क्यांत सांगणारा अहवाल) म्हटलं की माझं डोकं तापतं. म्हणून एकदाचं लिहूनच टाकते, मराठीत थिसिस करणाऱ्या कुणाला तरी उपयोग होईल.

विषय होता मराठी संतकाव्यातली कीटकांची प्रतीकं, म्हणजे मुंगी, भुंगा, मधमाशी, पतंग, काजवा. नातेवाईक विचारायचे, किड्यांवर कसली पीएचडी? आमचे पप्पा सोलापुरात चादरीच्या कारखान्यात आयुष्यभर मागावर उभे राहिलेले, ते एवढंच म्हणाले, "मुंगी मुक्ताबाईची आहे, तुकोबांची आहे, कर तू." एंट्रन्स, कोर्सवर्क, दर सहा महिन्याचा प्रगती अहवाल, सगळं झालं. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

अडकलं ते सबमिशनला. रजिस्ट्रेशन बाहेरगावच्या विद्यापीठात होतं, नाव घेत नाही. रात्रीच्या एसटीने जायचं, सकाळी ऑफिस उघडायची वाट बघत बसायचं. पहिल्या वेळी साम्य निघालं शून्य टक्के! मी खूश, तर म्हणाले हे चालणार नाही, तुमचा फॉन्ट जुना आहे, सॉफ्टवेअरला अक्षरंच वाचता येत नाहीत, युनिकोडमध्ये करून आणा. कन्व्हर्ट केलं तर निम्मे रफार उडाले आणि जोडाक्षरं सुटी झाली, ते दुरुस्त करण्यात महिना गेला.

दुसऱ्या वेळी निघालं ३८ टक्के. नियमाने १० टक्क्यांपर्यंत चालतं, १० ते ४० मध्ये आलात की थिसिस दुरुस्त करून सहा महिन्यांच्या आत परत द्यायचा. एसटी स्टँडच्या बाकावर रिपोर्ट उघडला, जुळलेला मजकूर त्यात लाल रंगवलेला असतो, आणि बघतच राहिले. माझं विवेचन जवळपास सगळं पांढरं आणि लाल रंग कशावर, तर ज्ञानेश्वरीच्या ओव्यांवर, गाथेतल्या अभंगांवर! तशीच परत ऑफिसात गेले, म्हटलं अहो, तुकोबांचा अभंग तुकोबांच्याच शब्दात द्यावा लागतो ना? तर टेबलावरचे साहेब मान वर न करता म्हणाले, "सॉफ्टवेअर दाखवतंय मॅडम, आमच्या हातात नाही. अभंगातले थोडे शब्द बदलून बघा की."

अभंगातले शब्द बदला! चारशे वर्षं लोकांनी पाठ करून, वारीत म्हणून जपलेले शब्द मी टक्क्यांसाठी बदलू? त्या दिवशी एसटीत सोलापूर येईपर्यंत माझ्या डोळ्याचं पाणी थांबलं नाही.

घरी येऊन यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे वाङ्मयचौर्याचे नियम पहिल्यांदा स्वतः वाचले, आणि हे आधी न वाचल्याची हळहळ अजून वाटते. त्यात सातव्या कलमात स्पष्ट आहे की श्रेय देऊन घेतलेली अवतरणं, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश हे तपासणीतून वगळायचं. मग माझ्या ओव्या का धरल्या? कारण अवतरणं वगळताना ते सॉफ्टवेअर शोधतं दुहेरी अवतरणचिन्ह, आणि आपण ओवी देतो ती मधे दंड, शेवटी दुहेरी दंड, चिन्ह कुठंच नाही. मशीनच्या लेखी ती चोरी.

मग बसलो. ४१२ अवतरणं होती. पप्पा छापील प्रतीवरून ओवीचा क्रमांक वाचायचे, मी स्क्रीनवर शोधून चिन्हं टाकायची, परत पप्पा अख्खी ओवी मोठ्याने वाचायचे. नऊ दिवस. गाईड सरांच्या सहीचं पत्र जोडलं, त्यात सातवं कलम जसंच्या तसं लिहिलं आणि अवतरणं वगळून परत तपासा असं मागितलं. ७ टक्के आलं! तो कागद मी लॅमिनेट करून ठेवलाय.

आणि ह्याच नऊ दिवसांत ती गोष्ट झाली. ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायात आहे ना, भुंगा कसलंही कोरडं लाकूड पोखरतो पण कोवळ्या कळीत अडकतो, जीव गेला तरी पाकळी चिरत नाही, तिथं आम्ही आलो होतो. गॅलरीत कपडे वाळत घालायचा बांबू आहे, त्याखालच्या फरशीवर पिवळसर भुसा पडलेला. पप्पा म्हणाले, वर बघ. बांबूला गोल भोक, गिरमिटाने पाडल्यासारखं, आणि आतून करकर आवाज. थोड्या वेळाने काळाकुळकुळीत भुंगा मागच्या मागे सरकत बाहेर आला, पंखांवर निळी झाक. भ्रमरावर मी चौदा पानं लिहिली होती आणि लाकूड पोखरताना त्याला कधी पाहिलं नव्हतं.

तेव्हापासून माझं बघणंच बदललं. आता ज्युनियर कॉलेजला शिकवते आणि पावसाळ्यात रविवारी गल्लीतली मुलं घेऊन बाहेर पडते. कुंभारमाशीचं मातीचं घर दाखवते. ध्यास घेऊन अळीची कुंभारीण, म्हणजे हीच माशी, होते असं आपल्याकडे सांगतात, खरं तर ती अळीला डंख मारून सुन्न करून आत ठेवते आणि तिचं पिल्लू ती अळी खातं. हे सांगितल्यावर मुलं गप्प होतात, पण दृष्टांत मला अजून तितकाच आवडतो. मृगाचा मखमली किडा सापडला की पाय मोजायला लावते, आठ भरतात, कीटकाला तर सहाच असतात, म्हणजे तो कीटकच नाही. आणि माधुकरी हा शब्द मधुकरावरून आला, फुलाफुलातून थोडं थोडं घेणारा, हे कळलं की हमखास कुणीतरी आजीला विचारायला पळतं.

हां, एक राहिलं, खरं तर सुरुवातीलाच सांगायला हवं होतं. पहिल्या पानापासून युनिकोडमध्येच टाईप करा, टायपिस्टला द्यायचं असेल तर आधी एक पान करून घेऊन तपासा. आणि ओवी टाकतानाच अवतरणचिन्ह टाकत जा. मागच्या वर्षभरात चार जण असे रिपोर्ट घेऊन घरी आले, चौघांच्याही अभंगांवर लाल रंग. पप्पाच त्यांना चहा देतात आणि चष्मा पुसून विचारतात, "आण बघू, कितवी ओवी?"

बांबू तसाच आहे. कपड्यांसाठी आम्ही दोरी बांधली. आता पाच भोकं झालीत.