हजेरीपटावर नसलेली माणसं

रविवार, रात्र

कोल्हापुरातल्या जुन्या कामगारांच्या मुलाखती रेकॉर्ड करतोय. त्यातले शाहू मिल या कापड गिरणीतले आजोबा आज पुन्हा भेटले. ‘गिरणीतल्या आठवणी सांगा’ म्हटलं की ते सरळ शाहू महाराजांवर जातात. 1906 साली महाराजांनी गिरणी काढली, गावातल्या पोरांना काम मिळालं, भोंग्यावर सगळं गाव घड्याळ लावायचं. आवाजही सभेत बोलल्यासारखा होतो. हे सगळं खरं आहे, पण ते मला माहीत आहे आणि मला माहीत आहे हे त्यांनाही माहीत आहे. म्हणून हल्ली मी आठवणी मागतच नाही. पहिल्या पाळीला घरातून कितीला निघत होता? साच्यापाशी, म्हणजे मागापाशी, आल्यावर आधी हात कशाला लावायचा? एवढं विचारलं की माणूस खुर्चीत जरा पुढं सरकतो आणि हात हलायला लागतात.

आज असेच हात हलले. साचेखात्यात आवाज इतका की शेजारच्याला हाक मारून उपयोग नाही. बोलणं सगळं ओठांवर आणि बोटांवर. तंबाखू मागायची खूण वेगळी, जॉबर म्हणजे मुकादम येतोय याची वेगळी, धागा तुटलाय याची वेगळी. आजोबांनी एकेक करून दाखवली. मी फक्त आवाज रेकॉर्ड करतो, त्यामुळे मधेमधे मलाच बोलावं लागलं, “आता आजोबा अंगठा तळहातावर घासतायत.” त्यांना आधी हसू आलं, मग ते स्वतःच सांगायला लागले, “हं, लिवून घे, आता डावा हात वर केला.” आजोबांना अजून मोठ्यानं बोलायची सवय आहे. घरचे म्हणतात कान गेलेत, ते म्हणतात गिरणीनं नेले.

एका सहकाऱ्याचं बोट गेलं तो प्रसंग सांगताना मात्र त्यांनी रेकॉर्डिंग बंद करायला सांगितलं. केलं. तो भाग इथंही लिहीत नाही.

उद्यमनगरातल्या फौंड्रीत ओतकामासाठी वाळूचे ठसे करणाऱ्या मोल्डरकाकांची मुलाखत मागच्याच आठवड्यात झाली. त्यांचं एक वाक्य इथं ठेवतो. वाळूत पाणी किती हे कसं कळायचं, असं विचारल्यावर म्हणाले, “मूठ दाबायची. बोटांची नक्षी उठली आणि गोळा मोडताना कड धारदार राहिली की वाळू झाली.” मापयंत्रं नंतर आली. तोवर शेतकऱ्याच्या ऑइल इंजिनाचे भाग असल्या मुठींच्या भरवशावर ओतले गेले.

पण आज खरं लिहायचं आहे ते सुभाषनगरच्या मावशींबद्दल.

गेलो होतो त्यांच्या मालकांना, म्हणजे नवऱ्याला, भेटायला. सारं आयुष्य कोल्हापुरी चपला केल्या. बोलायला तयार माणूस. 2019 मध्ये कोल्हापुरीला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा आणि 2025 मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीच्या चपला आपल्यासारख्या दिसल्या तेव्हा, दोन्ही वेळा चपलेवर बरंच बोललं गेलं. काकांची उत्तरं त्यामुळं तयार होती. कातडं कमावायला बाभळीची साल आणि हिरडा, रापी-आरी ही हत्यारं, खिळा न वापरता कातड्याच्या वादीनं शिवायची पद्धत. सगळं क्रमानं आणि न अडखळता.

मावशी चहा घेऊन आल्या. मी म्हटलं, “मावशी, तुम्ही पण काम करत होता ना?”

“मी कुठलं काम केलो? घरातच असायचो. वेण्या तेवढ्या घालायचो.”

‘वेण्या तेवढ्या’! पट्ट्यावरच्या ज्या वेणीवरून गिऱ्हाईक चप्पल ओळखतं, ती. काका आतून म्हणाले, “तिला काय इचारतासा, तिला त्यातलं काय म्हाईत न्हाई.” मावशी काही बोलल्या नाहीत. मी वेणीची सुरुवात कशी करतात ते विचारलं. वादी ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची, टोक पायाच्या अंगठ्यात धरायचं, ओढ दोन्हीकडं सारखी पाहिजे, नाहीतर वाळल्यावर वेणी एका अंगाला पिळते. कुणाची वेणी कुणी घातली हे नुसतं बोट फिरवून कळायचं, हे त्यांनी अगदी सहज सांगितलं. सून झाल्यावर सासूनं पहिल्या वेण्या उसवून परत घालायला लावल्या, हेही. पैसे? “चप्पल इकली की ह्यांच्या हातात. माज्या वेण्यांचं वायलं कोण देतंय?”

हे ऐकल्यापासून माझ्या यादीचा क्रमच बदललाय. गिरणीच्या आजोबांकडे पास आहे, फंडाची चिठ्ठी आहे. मिल बंद होऊन वीसहून जास्त वर्षं उलटली, तरी त्यांनी तिथं काम केलं हे कागदावर सिद्ध करता येतं. त्यांची मुलाखत झाली नाही तर खुणांची भाषा जाईल, आणि तेही नुकसान मोठंच आहे. मावशींचं नाव मात्र कुठल्या हजेरीपटावर नाही, दुकानाच्या वहीत नाही, मानांकनाच्या बातमीत नाही. त्यांच्या बाबतीत बोलणं हाच कागद. गुऱ्हाळावर चुलवाणात चिपाडं सारणाऱ्या बायका, फौंड्रीबाहेर वाळू चाळणाऱ्या, हुपरीला घरात बसून चांदीच्या कड्या जोडणाऱ्या, यांना कुणी ‘कामगार’ म्हटलेलं नाही. त्या स्वतःही म्हणत नाहीत. त्यामुळं ‘कामाच्या आठवणी’ असा फलक लावून बसलो तर त्यातली एकही येणार नाही.

लिहून काढताना ‘केलो’ आणि ‘असायचो’ तसंच ठेवायचं. पुण्याच्या एका मित्रानं वाचून ‘केलं’, ‘असायचे’ करून दिलं होतं. ते वाचताना मावशी दिसेनात, कुणीतरी शिक्षिका बोलतेय असं वाटायला लागलं. मूळचं परत आणलं.

पुढच्या आठवड्यात मावशींच्या जाऊबाई येणार आहेत. कातडी कमावताना कुंडातलं पाणी त्या उपसायच्या म्हणे. दोघींना एकत्र बसवावं असं काकांचं म्हणणं आहे. मी वेगवेगळ्याच बसवणार. जाऊबाई थोरल्या आहेत. त्या बोलायला लागल्या की मावशी नुसतं ‘व्हय, व्हय’ करतील. आणि त्या वेळेला काकांनी बाजारात जावं, यासाठी काहीतरी निमित्त शोधायला हवं.