हा आपला नव्हे

"हा आपला नव्हे," आई म्हणाली आणि फोन परत माझ्या हातात दिला.

फोनवर माझा फोटो होता: सकाळी परसातल्या जास्वंदीवर टिपलेला जांभळा शिंजीर पक्षी. मागे फोंड्याचं पांढरंफटक आभाळ. कॅमेऱ्याने आभाळ सांभाळलं आणि पक्ष्याचा कोळसा केला. मग लॅपटॉपवर शॅडोज, म्हणजे फोटोतले काळे भाग, उजळले, तर तिथे नुसते दाणे. दाणे पुसले, तर पिसंच पुसली गेली. शेवटी चिडून निळ्याचं सॅच्युरेशन, म्हणजे रंगाची तीव्रता, ओढून वाढवलं. शिंजिराचा मोर झाला, आणि मला तो आवडलाही होता!

"आपला काळाच दिसतो रे. मान वळवली की तेवढ्यापुरता निळा होतो."

आई भांडी घासताना खिडकीतून त्याला रोज बघते. शिंजिराच्या पिसांत निळं रंगद्रव्य नसतंच, पिसांच्या सूक्ष्म रचनेवरून उजेड विशिष्ट कोनात परततो तेव्हाच ती झळाळी दिसते, हे मी वाचलं होतं. तिने पाहिलं होतं.

दुपारी नाकारलेल्या फ्रेम्स पुन्हा चाळल्या. एकीत शेपटीवर पान आलंय, फोकसही जरा हललाय. पण मान वळलेली, आणि गळ्यावर नखाएवढी निळाई. तिला फक्त थोडं क्रॉप केलं, एक्स्पोजर किंचित वाढवलं. बाकी हात लावला नाही.

उद्या ऊन पाठीशी घेऊन बसेन, मागे आभाळाऐवजी फणसाची सावली येईल अशा बेताने.

तुम्ही एडिट केलेला फोटो आधी कुणाला दाखवता?