दांडा ‘पी’वर, गिअरबॉक्स अध्येमध्ये

जॉब कार्डवर चार तक्रारी होत्या. पहिली, स्टीअरिंगजवळचा गिअरचा दांडा जड जातो आणि मध्येच अडकतो. चौथी, एखाद्या सकाळी चावी फिरवली तरी स्टार्टर लागत नाही, दांडा जरा हलवला की लागतो. मधल्या दोन वायपरच्या आणि दरवाजाच्या. पहिली आणि चौथी मुळात एकच, हे कळायला मला दुपार उजाडली. कार्ड मीच लिहिलं होतं, म्हणून ते जास्त खुपतं.

गाडी ऑटोमॅटिक पिकअप, दांडा स्टीअरिंग कॉलमला. दांड्याच्या जागा: ‘पी’ पार्किंग, ‘आर’ रिव्हर्स, ‘एन’ न्यूट्रल, ‘डी’ पुढे जायला. आमच्याकडे येण्याआधी ब्रेक लाइटचा स्विच बदललेला, इंटरलॉकचा (ब्रेक दाबल्याशिवाय दांडा ‘पी’मधून निघू न देणाऱ्या कुलपाचा) सोलेनॉइड, म्हणजे करंटवर चालणारी खिटी, बदललेला, स्टार्टरला करंट सोडणारा रिलेही बदललेला. शिवाय कोणीतरी कॉलमच्या फटीतून गंज सोडवायचा स्प्रे भरपूर मारला होता. हा प्रकार पाहिला की माझं डोकं फिरतं. त्या स्प्रेने आतलं मूळचं ग्रीस पातळ होऊन ओघळतं, इग्निशन स्विचपर्यंत जातं, आणि उरलेल्या चिकट थरावर धूळ बसते. दोन दिवस दांडा हलका वाटतो, मग पहिल्यापेक्षा वाईट.

सुटे भाग मागवण्याआधी एक प्रश्न विचारायला हवा होता: अडकतो तो नेमका कुठे? फक्त ‘पी’मधून निघताना अडकत असेल तर इंटरलॉक, ब्रेक स्विच, त्याचा फ्यूज हे संशयित. किंवा मग चढावर हँडब्रेक न ओढता उभी केलेली गाडी: तिचं सगळं वजन पार्किंगच्या खटक्यावर (‘पी’मध्ये गिअरबॉक्सच्या आत दातात अडकून गाडी धरणाऱ्या तुकड्यावर) येतं आणि तो दातातून सुटताना धाडकन आवाज करतो. पण या गाडीचा दांडा ‘डी’वरून ‘आर’वर आणतानाही जड जात होता. इंटरलॉक दांड्याला ‘पी’मध्येच धरतो, बाकी ठिकाणी त्याचा संबंध नाही. म्हणजे सोलेनॉइड उगाच बदलला गेला.

तरी तो तपासला. इथे एक गफलत नेहमी होते. काही गाड्यांत करंट मिळाला की इंटरलॉक सुटतो. काहींत करंट असेपर्यंत तो धरून ठेवतो आणि ब्रेक दाबला की करंट तुटतो. वायरिंगचा नकाशा न पाहता ‘12 व्होल्ट येतायत, म्हणजे ठीक’ म्हणण्याला अर्थ नाही. ही गाडी दुसऱ्या प्रकारची. इग्निशन चालू, पाय ब्रेकवर नाही, तेव्हा 12.3 व्होल्ट, ब्रेक दाबल्यावर शून्य, आणि टक् असा स्वच्छ आवाज. बरोबर.

मग साखळी तोडून बघायची. दांडा, कॉलममधली खाचांची पट्टी, केबल, गिअरबॉक्सच्या बाजूची लिव्हर, आत कोंबड्याच्या तुऱ्यासारखी दात्यांची पट्टी आणि तिच्यावर दाब देणारी रोलरची स्प्रिंग. चाकांना ठोकळे लावले, गाडी स्टँडवर घेतली, इंजिन बंद. केबलचं खालचं टोक लिव्हरच्या बॉलवरून काढलं. ते सरळ बॉलच्या रेषेत उचकटायचं. तिरकं ओढलं की प्लास्टिकची वाटी फुटते. लिव्हर हाताने फिरवली: ‘पी’पासून ‘1’पर्यंत प्रत्येक खाचेत खणखणीत बसली. ही लिव्हर काढायची वेळ आली तर नट सोडताना ती दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी, नाहीतर सगळा पीळ आतल्या दात्यांच्या पट्टीवर जातो. इथे काढायची गरज पडली नाही.

गिअरबॉक्स निर्दोष. वर दांडा फिरवून पाहिला तर तोही हलका. केबलही हलकी. सकाळी अकरापर्यंत माझ्याकडे एक उत्तम चालणारी गाडी होती आणि दोष कुठेच नव्हता.

मालकांना फोन केला तेव्हा ते सहज म्हणाले, ‘घरून निघताना काही नसतं हो, बाजारातून परत येताना त्रास देतो.’ हे वाक्य कार्डवर नव्हतं. आधीच्या सगळ्यांनी गाडी थंड असताना तपासली होती. मीही तेच केलं होतं.

सगळं पुन्हा जोडलं. दांड्याच्या टोकाला ताणकाटा अडकवून ‘डी’वरून ‘एन’वर न्यायला किती ओढ लागते ते मोजलं: जवळपास दोन किलो. गाडी अर्धा तास चालवून आणली, लगेच पुन्हा मोजलं: साडेसहा. चामडी हातमोजे घालून, एक्झॉस्ट चटका देत असतानाच, खालचं टोक परत सोडलं. दांडा तसाच जड. वरचं टोक सोडलं. दांडा पिसासारखा हलका. दोष केबलमध्ये, आणि तोही फक्त गरम झाल्यावर.

टॉर्च घेऊन केबलचा मार्ग बघत गेलो. फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याच्या भिंतीतून) खाली येते तिथे तिला चॅसीला धरून ठेवणारी क्लिप नव्हती, उष्णता अडवणारा पत्राही नव्हता. पत्र्याच्या दोन बोल्टांची रिकामी भोकं मात्र होती. कधीतरी गिअरबॉक्स उतरवला गेला असणार आणि परत चढवताना ‘हे राहिलं तरी चालतं’ म्हणून ठेवून दिलं असणार. केबल लोंबून एक्झॉस्टच्या पाइपापासून बोटभर अंतरावर आलेली. बाहेरचं आवरण वितळून चकाकत होतं. आतली प्लास्टिकची नळी गरम झाली की मऊ पडून तारेला आवळायची, थंड झाली की सोडायची.

आता चौथी तक्रार. केबल जोडलेली, गाडी अजून गरम. दांडा ‘पी’वर नेला, चावी काढली, चावी निमूट निघाली. खाली जाऊन पाहिलं तर गिअरबॉक्सची लिव्हर ‘पी’च्या खाचेत नव्हती, ‘आर’ आणि ‘पी’च्या मधल्या उंचवट्यावर रोलर अडकलेला. एरवी स्प्रिंगच लिव्हरला खाचेत ओढून घेते, पण आवळलेली केबल तिला जाऊ देत नव्हती. वरचा दांडा मात्र खुशाल पुढे, कारण मऊ झालेलं आवरण तेवढ्यापुरतं दबत होतं. गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा प्रॉपेलर शाफ्ट हाताने फिरवला, तो फिरत राहिला, म्हणजे ‘पी’ लागलाच नव्हता. (ही तपासणी चाक फिरवून करू नये. शाफ्ट लॉक असतानाही एक चाक फिरवलं तर दोन चाकांना वेगवेगळं फिरू देणाऱ्या साध्या डिफरेन्शियलमुळे पलीकडचं उलटं फिरतं आणि फसगत होते.)

चावी आणि इंटरलॉक कॉलमकडे बघतात. पार्किंगचा खटका केबलच्या दुसऱ्या टोकाला असतो. स्टार्टर लागू द्यायचा की नाही हे ठरवणारा स्विच मात्र गिअरबॉक्सच्या लिव्हरवर बसलेला, आणि ‘पी’ किंवा ‘एन’ नसेल तर तो स्टार्टर लागू देत नाही. म्हणजे सकाळी स्टार्टर न लागणं हा बिघाडच नव्हता. या गाडीत खरं बोलणारा तो एकटाच भाग, आणि त्याचं न ऐकता रिले बदलला गेला. ज्या ज्या सकाळी स्टार्टर लागला नाही, त्या त्या रात्री गाडी ‘पी’मध्ये नव्हतीच.

केबल नवी टाकली. क्लिप आणि पत्रा मूळ जागी बसवला, पाइपापासून अंतर चांगलं चार बोटं, कुठेही तीव्र वळण नाही. तेल-ग्रीस काही नाही. अशा केबलच्या आत आधीच अस्तर असतं. जुळवणी गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे: अॅडजस्टरची कडी उघडी, दांडा ‘पी’त, लिव्हर ‘पी’च्या खाचेत पूर्ण टेकवलेली, मग कडी बंद. गाडी पुन्हा गरम करून दहा वेळा फिरवलं. ताणकाटा दोन किलोच्या आसपास, स्टार्टर फक्त ‘पी’ आणि ‘एन’मध्ये, शाफ्ट प्रत्येक वेळी लॉक.

गाडी न्यायला आल्यावर मालकांना विचारलं, रात्री हँडब्रेक ओढता का? ‘सपाटच आहे की हो आमच्याकडे,’ ते म्हणाले. मी जुन्या केबलचा वितळलेला तुकडा त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, ‘मग स्टार्टरचं काम केलं की नाही तुम्ही?’