गंटर्सविल: गवताची कड, पुलाखालचं पाणी आणि मार्चमधले तीन दिवस

अटलांटाहून निघालं की अलाबामाची हद्द ओलांडल्यावर घड्याळ एक तास मागे जातं, आणि मार्चमधल्या पहाटे तो फुकट मिळालेला तास फार मोलाचा असतो. दादा आणि मी बास मासा पकडायला मध्यरात्रीनंतर निघालो, मागे ट्रेलरवर त्याची वीस फुटी फायबरग्लासची बोट, आणि उजाडायच्या आत स्कॉट्सबरोच्या रॅम्पवर, म्हणजे बोट पाण्यात उतरवायच्या उतारावर, पोचलो. आमच्या आधी दहा-बारा गाड्या रांगेत उभ्या होत्या, हेडलाईट बंद, कोणाच्या थर्मासमधून वाफ निघतेय, आणि सगळे कमी आवाजात एकच विचारत होते, पाणी किती सोडलंय?

हा प्रश्न नवीन माणसाला विचित्र वाटतो म्हणून इथेच सांगते. गंटर्सविल म्हणजे टेनेसी नदीवरचं धरण, टीव्हीएने, म्हणजे टेनेसी नदीवरची धरणं चालवणाऱ्या सरकारी संस्थेने, 1935 मध्ये काम सुरू केलं आणि 1939 मध्ये पूर्ण केलं. मागे अडलेलं पाणी सुमारे 69 हजार एकर, अलाबामातला सगळ्यात मोठा जलाशय, आणि वर निकाजॅक धरणापर्यंत लांबी साधारण 75 मैल. म्हणजे नकाशावर तलाव दिसला तरी हा तलाव नाही, ही नदी आहे. खालच्या आणि वरच्या धरणावर टर्बाईन चालू झाली की अख्ख्या पात्रात प्रवाह चालू होतो आणि बंद केली की पाणी सुस्त पडतं. प्रवाह आला की शॅड नावाची छोटी मासळी त्याच्याबरोबर ढकलली जाते आणि बास ठरावीक जागी, पुलाच्या खांबामागे, पात्राच्या कडेला, खडकाच्या आडोशाला, प्रवाहाकडे तोंड करून उभा राहतो. पाणी थांबलं की तोच मासा पाणगवतात पांगतो आणि मग त्याला शोधायला दिवस जातो. टीव्हीएच्या अ‍ॅपवर विसर्गाचा अंदाज दिलेला असतो, मी ट्रिपच्या आदल्या रात्री हवामानाच्याही आधी ते बघते.

अठरा वर्षं झाली मला बासमागे फिरताना, आणि सुरुवातीची पाच-सहा वर्षं मी सगळा जीव रॉड आणि ल्युअर, म्हणजे नकली आमिष, यांच्यात घातला, म्हणजे कोणाला मोठा मासा लागला की त्याने काय वापरलं हे आधी विचारायचं, तो कुठे उभा होता आणि बोटीचं तोंड कुठे होतं हे विचारायचं सुचायचंच नाही. आता मला उलट वाटतं. सामान महत्त्वाचं आहेच, त्यावर खाली भरपूर लिहिलंय, पण कोणतं सामान काढायचं हे पाणी आणि गवत बघून ठरतं, आणि ते न बघता घेतलेला रॉड नुसता हातातच राहतो.

पहिला दिवस थंडी मागे ठेवून गेलेल्या हवामानाच्या फ्रंटनंतरचा. आकाश निळंशार, वारा उत्तरेचा, पाण्याचं तापमान 54 फॅरनहाइट. बास साधारण 60 च्या पुढे अंडी घालायच्या तयारीला लागतो, त्याआधी तो खोल पाण्यातून उथळ खाडीकडे निघालेला असतो आणि वाटेत थांबे घेतो, ते थांबे शोधणं हेच मार्चचं काम. आम्ही नॉर्थ सॉटी खाडीच्या बाजूला गेलो. इथली पाण्याची पातळी वर्षभरात जेमतेम दोनेक फूट खालीवर होते, आणि मुख्य पात्र सोडलं तर सगळीकडे उथळ मैदानं, त्यामुळे मिल्फॉइल, हायड्रिला, ईलग्रास असलं पाणगवत इथे घट्ट मुळं धरतं. मार्चमध्ये ते नुकतं उगवत असतं, तळापासून फूट-दीड फूट, वरून दिसत नाही, फक्त ल्युअर अडकला की हाताला कळतं.

अशा गवतावर मी लिपलेस क्रँकबेट, म्हणजे पुढची जीभ नसलेला माशाच्या आकाराचा कडक ल्युअर, टाकते, अर्ध्या औंसाचा, लाल. वसंतात बास कोलंबीसारखे दिसणारे क्रॉफिश खातो आणि तो लालसर रंग म्हणजे तेच, असं सगळे मानतात आणि माझाही अनुभव तसाच आहे. पद्धत अशी, लांब फेकायचा, गवताच्या शेंड्याला घासेल इतका बुडू द्यायचा, मग गुंडाळत यायचं, आणि गवतात रुतला की झटका देऊन उपटून काढायचा. दहापैकी आठ वेळा मासा त्या उपटण्याच्या क्षणीच झडप मारतो, कारण गवतात शिरलेलं काहीतरी घाबरून पळतंय असं त्याला वाटतं. नुसतं सरळ गुंडाळत राहणारे दिवसभर फेकतात आणि म्हणतात इथे मासा नाही.

आता रॉडचं. या ल्युअरला दोन छोटे त्रिशूळ गळ असतात, आणि ल्युअर स्वतः जड. बास उसळी मारून डोकं झटकतो तेव्हा तो जडपणाच गळ सोडवायला मदत करतो. म्हणून रॉड कडक नको, सात फूट दोन इंच, मिडियम हेवी, पण मधल्या भागापर्यंत वाकणारा, काचतंतू मिसळलेला असेल तर उत्तम. टेक्सस रिगचं बरोब्बर उलट. तिथे एकच जाड गळ मऊ प्लॅस्टिकच्या आत लपलेला असतो, तो प्लॅस्टिक फोडून जबड्यात घुसवायचा म्हणजे रॉड कडक आणि टोकाला झटपट पाहिजे. एकाच रॉडवर दोन्ही करायला जाणारे बरेच दिसतात, आणि मग क्रँकबेटवरचे मासे सुटतात किंवा टेक्सस रिगवरचे लागतच नाहीत. बजेट कमी असेल तर महागडा एक घेण्यापेक्षा मध्यम दर्जाचे दोन वेगळे घ्या, हे मी कोणालाही ठामपणे सांगेन.

लाईनवरून दादाचं आणि माझं कायम वाजतं. तो ब्रेड, म्हणजे विणलेली लाईन, वापरतो, म्हणतो गवत सुरीसारखं कापलं जातं. खरं आहे ते, पण ब्रेड अजिबात ताणत नाही, म्हणून त्याला अजून मऊ रॉड घ्यावा लागतो. मी 17 पौंडी फ्लुरोकार्बनची एकसंध लाईन वापरते. फ्लुरोकार्बन ताणत नाही असा एक पक्का समज आहे तो चुकीचा आहे, ती ताणते, चांगलीच ताणते, तिचे खरे फायदे म्हणजे ती बुडते, घासायला टिकते आणि पाण्यात कमी दिसते, कारण दोघांचे अपवर्तनांक जवळ आहेत, पाण्याचा 1.33, तिचा 1.42 च्या आसपास. पॉपर किंवा दुसऱ्या तरंगणाऱ्या ल्युअरला ती लावू नका, बुडणारी लाईन ल्युअरचं नाक खाली ओढते, तिथे मोनो, म्हणजे साधी नायलॉनची लाईन, बरी. आणि उन्हाळ्याच्या शेवटी गवताची जाड गादी झाली की बेडकाच्या आकाराच्या ल्युअरवर 65 पौंडी ब्रेडच, तिथे मी दादाशी वाद घालत नाही.

पहिल्या दिवशी अकरापर्यंत एक मासा, तोही चौदा इंची. इथे मासा ठेवायला 15 इंचांची किमान मर्यादा आहे, तसाही आम्ही काही ठेवत नाही. अकरा-साडेअकराला दादा मागून म्हणाला, "ताई, बोये बघ." पात्राची वाट दाखवणाऱ्या लाल बोयाच्या, म्हणजे तरंगत्या खुणेच्या, बुडाशी पाण्याने शेपूट धरलं होतं. प्रवाह सुरू. (दादा मोठा असून मला ताई म्हणतो, लहानपणापासूनची सवय.) आम्ही गवत सोडून खाडीच्या तोंडाला आलो, जिथे मैदान संपून पात्राची उतरण लागते, आणि पुढच्या दोन तासांत सात मासे, सगळ्यात मोठा पाच पौंडांच्या थोडा वर. सकाळी त्याच जागेवरून आम्ही काही न मिळता गेलो होतो.

दुसऱ्या दिवशी वारा सुटला, आणि तो दिवस बोट सांभाळण्यातच गेला, म्हणून बोटीबद्दल इथेच. लोक इंजिनाबद्दल बोलतात, मोठ्या स्पर्धांमध्ये 250 हॉर्सपॉवरची मर्यादा असते तर सगळ्यांना 250 च हवं असतं. दादाचं 225 आहे आणि आम्हाला कधी कमी पडलं नाही. माझ्या मते मासे मिळवून देणारी मोटर पुढची, म्हणजे बोटीच्या नाकावरची छोटी विजेची ट्रोलिंग मोटर. 36 व्होल्टची घ्या, वाऱ्यात 24 व्होल्टची दुपारी दमते. पायाने सारखी चालू-बंद करू नका, कमी वेगावर सलग चालू ठेवा, तो थांबून थांबून येणारा आवाज उथळ पाण्यातल्या मोठ्या माशाला सावध करतो असं मला पुन्हा पुन्हा जाणवलंय. बोटीचं नाक वाऱ्याच्या किंवा प्रवाहाच्या विरुद्ध, म्हणजे बोट तुमच्या ताब्यात राहते, आणि ल्युअर वर फेकून प्रवाहाबरोबर खाली आणायचा, कारण मासा तोंड वर करून उभा आहे, त्याला अन्न नेहमी त्याच बाजूने येतं. जीपीएसवर एका जागी धरून ठेवणारी सोय आता बहुतेक मोटरींमध्ये मिळते, पुलाजवळ तिच्यासारखं सुख नाही.

आणि एक, गंटर्सविलला बोयांच्या आतलं पात्र सोडून सुसाट जाऊ नका. बाजूची मैदानं फूटभर-दोन फूट पाण्याखाली आहेत, त्यात जुने बुंधे आहेत. किल स्विचची, म्हणजे चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची, दोरी अंगाला लावा, 1 एप्रिल 2021 पासून 26 फुटांखालच्या बोटींना तो अमेरिकेत कायदाच आहे, पण कायदा नसता तरी लावाच, चालक पाण्यात पडल्यावर गोल फिरणारी रिकामी बोट काय करते हे ज्याने बघितलंय त्याला सांगावं लागत नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी दादाने अलाबामा रिग काढली. ऑक्टोबर 2011 मध्ये याच पाण्यावर स्पर्धक पॉल इलायस त्या रिगवर स्पर्धा जिंकला, चार दिवसांत 102 पौंडांच्या वर, आणि मग देशभर धावाधाव झाली. तारेच्या पाच फांद्या, प्रत्येकीला एक प्लॅस्टिकचा मासा, म्हणजे आख्खा थवाच पोहतोय. मासे मिळतात यात वाद नाही, बी.ए.एस.एस. या बास स्पर्धा भरवणाऱ्या संघटनेच्या सगळ्यात वरच्या स्पर्धांमध्ये नंतर तिच्यावर बंदी आली. पण मला ती आवडत नाही, दिवसभर फेकून खांदा भरून येतो, आणि हाताला ल्युअरची बारीक थरथर कळत नाही, जी माझ्यासाठी या छंदाचं निम्मं सुख आहे. समोर बघणाऱ्या सोनारचंही तसंच. 2018 मध्ये लाइव्हस्कोप नावाचं सोनार आलं तेव्हापासून मासा ल्युअरमागे येताना पडद्यावर दिसतो, खोल पाण्यात ते अफाट आहे आणि मी त्यातून खूप शिकले, मासा किती वेळा मागे येऊन परत फिरतो हे मला आधी माहीतच नव्हतं. पण तीन फूट पाण्यात गवतावर मान खाली घालून पडदा बघणारा माणूस समोर शॅडने उडी मारलेली चुकवतो.

तिसरा दिवस पुलाचा. आम्ही खाली गंटर्सविल गावाच्या बाजूला, स्प्रिंग क्रीक या खाडीत गेलो. 2014 च्या बासमास्टर क्लासिक या मोठ्या स्पर्धेत शेवटच्या दिवशी रँडी हॉवेलने इथल्या पुलाच्या दगडी भरावावरून पाच माशांचं 29 पौंड 2 औंस वजन काढलं आणि मागून येऊन स्पर्धा जिंकली. जागा समोर बघितली की का ते कळतं. भरावाने खाडी जवळजवळ बंद केलीय, पाण्याला वाट फक्त पुलाखालून, आणि नदीतून अंडी घालायला आत निघालेल्या प्रत्येक माशाला तिथूनच जावं लागतं. शिवाय दगड उन्हाने तापतात, त्यात क्रॉफिश दडलेले. मी सहा फूट खोल जाणारा क्रँकबेट भरावाला समांतर फेकत होते, दगडावर आपटून उडाला पाहिजे, आपटत नसेल तर तुम्ही लांब आहात.

सव्वातीनला लागला. आधी वाटलं दगडात अडकलं, मग तो दगड चालायला लागला. एकदा वर आला तेव्हा दादा फक्त "अगं" एवढंच म्हणाला. आठ पौंडांच्या वरचा नक्की. मग तो भरावाकडे वळला आणि लाईन सैल झाली. ओढून बघितलं तर शेवटचे दोन फूट हाताला करवतीसारखे खरखरीत लागत होते. दोन तास दगडांवर घासत होते आणि मी एकदाही कापून नवी गाठ मारली नव्हती, चूक पूर्णपणे माझी, आणि वाईट याचं जास्त वाटलं की तो मासा तोंडात ल्युअर घेऊन गेला. तेव्हापासून दगडांवर दर अर्ध्या तासाने लाईन बोटांतून ओढून बघते, खडबडीत लागली की दोन-तीन फूट कापून टाकते, मग पालोमर नावाची गाठ मारते, आवळायच्या आधी थुंकीने ओली करून, कारण कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन तिथेच कमकुवत होते.

पाच वाजता अजून एक लागला, साडेसहा पौंड. नवी गाठ, सगळं नीट. पाण्यात हात ओले करून उचलला, एक हात जबड्याला, एक पोटाखाली, नुसत्या जबड्यावर आडवा लटकवला की एवढ्या वजनाच्या माशाचा जबडा दुखावतो. पोट अंड्यांनी टणक होतं. 1972 मध्ये बी.ए.एस.एस.चा संस्थापक रे स्कॉटने स्पर्धांमध्ये मासे जिवंत परत सोडायची प्रथा सुरू केली, तिचं मोल असा मासा हातात असला की जास्त कळतं. पाण्यात धरला, दोन-तीन वेळा कल्ले हलले, शेपटीने माझ्या तोंडावर पाणी उडवून पुलाच्या आतल्या बाजूला गेला, जिकडे जायचं होतं तिकडेच.

रॅम्पवर अंधारात दादाने ड्रेन प्लग, म्हणजे बोटीच्या तळाचं बूच, काढला, लाइव्हवेल, म्हणजे मासे जिवंत ठेवायची टाकी, रिकामं केलं. मी टॉर्च दातात धरून ट्रेलरच्या रोलरमधून, ट्रोलिंग मोटरच्या पंख्यातून मिल्फॉइलचे तुकडे उपटत होते, इंचभर तुकडा दुसऱ्या तलावात गेला तरी तिथे रुजतो. दादा म्हणाला, "पुरे, चल आता, पुढे तीन तास गाडी चालवायचीय." मी म्हटलं, डावीकडच्या चाकामागे अजून आहे, थांब.