आमची वाटचाल : नऊ किलोवरून सातशे ग्रॅमवर

गोव्यातल्या फोंड्यात १९९६ साली दुकान उघडले तेव्हा पाटीवर ‘रेडिओ-टेप दुरुस्ती’ एवढेच होते. खरा धंदा मात्र चवथीचा आणि देवळांच्या काल्यांचा, म्हणजे जत्रांचा. काल्याचे नाटक रात्रभर चाले आणि तिसऱ्या अंकात अँप्लिफायर बसला की कुणीतरी स्कूटरवरून पहाटे माझ्या दारात हजर. २एन३०५५ या आउटपुट ट्रान्झिस्टरची जळकी जोडी बदलता बदलता माझा हात बसला. शाळेत शिकलेल्या इलेक्ट्रॉनिक्सपेक्षा त्या पहाटांनी जास्त शिकवले.

२००३पासून घरी गाणे ऐकणाऱ्यांसाठी स्वतःचे अँप्लिफायर बांधू लागलो. एलएम३८८६ चिप, भरभक्कम ट्रान्सफॉर्मर, मागे उष्णता बाहेर टाकणारा काळा हीटसिंक. पेटीचे वजन नऊ किलो. गिऱ्हाइकाच्या हातात दिली की त्याचा चेहरा खुले. आवाज वजनावर विकला जातो हे मला तेव्हाच कळले आणि त्याचा मी फायदाही घेतला, खोटे कशाला बोलू!

दुखणी मात्र दोन होती. मिरामारला समुद्रासमोरच्या घरात गेलेल्या पेट्या तिसऱ्या पावसाळ्याला बोर्डावर हिरवट बुरशी आणि गंजलेले स्क्रू घेऊन परत येत. सत्तरीतल्या गावांत संध्याकाळी व्होल्टेज १७०वर आले की ट्रान्सफॉर्मरचे पुढचे व्होल्टेजही त्याच प्रमाणात खाली येई आणि मोठ्या आवाजाला तबला फाटे. गिऱ्हाईक म्हणे, अँप्लिफायर खराब आहे. वीज खराब आहे म्हटले तर ऐकणार कोण?

म्हणून २०१४ साली टीपीए३११६ चिपचे तयार बोर्ड आणि सोबत स्विचिंग पॉवर सप्लाय मागवला. हा सप्लाय ९० व्होल्टपासून २६४पर्यंत निमूट चालतो. पेटी सातशे ग्रॅमची झाली. पहिल्या खेपेतल्या अर्ध्या चिपा बनावट निघाल्या, पैसे बुडाले, तो विषय तिथेच सोडतो.

या जातीला क्लास डी म्हणतात. डी म्हणजे डिजिटल असे निम्मे दुकानदार सांगतात, ते चूक. ए, बी, सी ही अक्षरे आधीच दिली होती, म्हणून पुढचे डी. आत येणारा आवाज एका वेगवान त्रिकोणी लाटेशी ताडून पाहिला जातो आणि त्यातून कमी-जास्त रुंदीचे ठोके निघतात. आउटपुटचे ट्रान्झिस्टर सेकंदाला चार-पाच लाख वेळा पूर्ण चालू, पूर्ण बंद होतात. अर्धवट उघडे राहून तापायला त्यांना वेळच मिळत नाही. शेवटी कॉइल आणि कपॅसिटरची जाळी, म्हणजेच फिल्टर, ते ठोके गाळून आवाज तेवढा पुढे सोडते. नव्वद टक्क्यांच्या आसपास वीज स्पीकरपर्यंत पोचते. जुन्या पद्धतीचा क्लास बी कागदावरसुद्धा ७८.५ टक्क्यांच्या वर जात नाही. कल्पना जुनीच आहे. सिंक्लेअर या ब्रिटिश कंपनीने १९६४मध्ये असे किट विकायला काढले होते, पण तेव्हाचे ट्रान्झिस्टर या वेगाला पुरे पडत नव्हते.

पहिली तक्रार आली ती आवाजाची नव्हतीच. एका घरी आजोबांचा मीडियम वेव्हचा रेडिओ शेजारीच होता. पेटी लावली की आकाशवाणी पणजीच्या जागी नुसती खरखर. या चिपला ठोक्यांची गती बदलण्यासाठी वेगळ्या पिना दिलेल्या आहेत, त्या नेमक्या रेडिओच्याच भानगडीसाठी. एक जोड बदलला आणि आजोबांना बातम्या मिळाल्या.

मग आले मास्तर. निवृत्त शिक्षक, नाट्यसंगीताचे वेडे, माझे पहिल्या काळापासूनचे गिऱ्हाईक. २०१८ साली त्यांना टीपीए३२५५ या क्लास डी चिपवर बांधलेली पेटी दिली. या बोर्डात फीडबॅक, म्हणजे चूक सुधारायला चिपकडे परत नेलेला आवाजाचा नमुना, जाळीच्या पुढून, म्हणजे स्पीकरच्या टोकाशी घेतलेला आहे. आठ दिवसांनी मास्तर पेटी काखेत मारून दारात.
“अरे बाबा, कोरडा रे हा आवाज. जुन्यात जीव होता.”
“मास्तर, मोजमापात तो जुन्याहून चांगला आहे.”
“मोजमाप तू ऐक. मी गाणे ऐकतो.”

वाद घालण्यापेक्षा मागच्या खोलीत परीक्षा घ्यायचे ठरले. स्पीकर तेच, वर चादर, कोणती पेटी चालू ते नाणे उडवून. सगळ्यात महत्त्वाचे, दोन्हींचा जोर स्पीकरच्या टोकांवर मल्टिमीटरने जुळवला, दोन व्होल्टला फार तर दोन शतांश इकडे-तिकडे. हे काम ४०० हर्ट्झच्या सुरावर केले, कारण स्वस्त मीटर त्याच्या वर भरवशाचे नसतात. १६ फेऱ्यांत १२ बरोबर आल्या तर योगायोग म्हणायचे नाही, असे आधीच ठरले. मास्तरांच्या ७ बरोबर आल्या.

“मग घरी कोरडा का वाटला?” त्यांनी विचारले. घरी त्यांनी दोन्ही बटणे अंदाजाने सारख्याच खुणेवर ठेवली होती आणि जुन्याचा गेन, म्हणजे आवाज वाढवण्याचे प्रमाण, जास्त होता. किंचित मोठा आवाज कानाला मोठा वाटत नाही, भरदार वाटतो.

मी मनातून खूश. तेवढ्यात मास्तरांची नात, गाणे शिकणारी, सतरा वर्षांची, म्हणाली, “काका, ती पहिली सातशे ग्रॅमवाली स्वस्त पेटी पण लावा ना.” मास्तरांनी गायिका केसरबाई केरकरांची तबकडी आणली होती. बाई इथल्याच केरीच्या, पण ७८च्या तबकडीवर वरच्या पट्टीतले फारसे काही उमटतच नाही, तेव्हा या कामाला ती उपयोगाची नव्हती. पोरीने आपल्या गुरूंचे ताजे रेकॉर्डिंग लावले आणि नुसता तंबोरा ऐकत बसली. जवारीचे, म्हणजे तारेच्या झणकाराचे, वरचे स्वर असतात तिथेच फिल्टरची खरी परीक्षा होते, हे मला तोवर सुचले नव्हते. १६पैकी १४ बरोबर. म्हणाली, “ह्यात तंबोरा किणकिणतो.” मास्तरांना त्यातले काही ऐकू आले नाही. खरे तर मलाही नाही. पन्नाशीच्या कानांत ती पट्टी उरलेली नसते.

रात्री मोजले. स्पीकरवर आठ ओहम रोध लिहिलेला असला तरी वरच्या पट्टीच्या टोकाला तोच वीसच्या घरात जातो. २०१४च्या स्वस्त बोर्डाची जाळी चार ओहमसाठी बेतलेली आणि चिप फीडबॅक घेते ते जाळीच्या आधी, त्यामुळे पुढे काय घडते याचा तिला पत्ताच नाही. १५ किलोहर्ट्झला आवाज दोन डेसिबलने चढलेला. चार वर्षांत ज्या दोघा-तिघांनी ‘टोचतो’ अशी तक्रार केली होती, त्यांना मी तुमच्या मनाचे खेळ म्हणून परत पाठवले होते.

क्लास डी वाईट असे मी आजही म्हणणार नाही. तो आवाज त्या एका स्वस्त जाळीचा होता. पण माल माझा होता. वहीतून ३१ नावे काढून एकेकाला फोन केला आणि पेट्या परत घेऊन आउटपुटवर रोधक-कपॅसिटरची जोडी डकवून चढ खाली आणला. मजुरी घेतली नाही. काम संपायला गणपती उजाडले. आता नवी पेटी बांधली की विकण्याआधी मास्तरांच्या नातीकडे जाते, तिचे मानधन म्हणजे एक चांगला हेडफोन.

३१पैकी ३० आल्या. साखळी गावातल्या एका गिऱ्हाइकाने मात्र पेटी द्यायला साफ नकार दिला. म्हणाला, “तंबोरा असाच किणकिणायला हवा. हात लावू नकोस.”