सातची एलन, पाव इंची होल्डर आणि तीन सूतची गोटी: माझा अनुभव

माझ्या पोलो गाडीचे पुढचे ब्रेक पॅड घरीच बदलायचे ठरवले तेव्हा माझ्याकडे पाव इंची रॅचेट (एकाच दिशेने जोर देणारा पान्याचा दांडा), एक बिट होल्डर आणि त्यात अडकवायच्या तीसेक बिट्सची, म्हणजे सुट्या टोकांची, डबी होती, आणि मला वाटलं की एवढ्यात काम होऊन जाईल. कॅलिपर म्हणजे पॅड डिस्कवर दाबणारा भाग, त्याला धरून ठेवणाऱ्या गाईड पिनांना ७ एमएमची एलन (षटकोनी टोकाची चावी) लागते. बऱ्याच सेटमध्ये ५, ६, ८, १० असतात आणि नेमका सातच नसतो, म्हणून जवळच्या दुकानातून सातचा एक सुटा बिट आणला, होल्डरमध्ये घातला आणि रविवारी सकाळी बसलो. चाक काढलं, गाडी जॅकवर न ठेवता स्टँडवर घेतली (हे प्लीज कोणी टाळू नका), स्टेअरिंग पूर्ण एका बाजूला फिरवलं म्हणजे कॅलिपरची मागची बाजू समोर येते.

प्लास्टिकची टोपी काढली तर पिनचं डोकं रबर बुशच्या, म्हणजे पिनभोवतीच्या रबरी नळीच्या, आत खोल. माझा बिट २५ एमएमचा, त्यातला अर्धा होल्डरच्या पोटात, म्हणजे बाहेर जेमतेम १२-१३ एमएम, आणि होल्डरचं तोंड जाड असल्यामुळे ते बुशच्या कडेलाच टेकत होतं. बिटाचं टोक आत लागतंय असं हाताला वाटत होतं, पण ते वरवरच लागलेलं. रॅचेटवर जोर दिला आणि टक् करून घसरलं. तिथेच हात थांबवला. टॉर्च लावून बघितलं, षटकोनाच्या कडा तोंडाशी चकाकत होत्या, आत मात्र कोरी धार शिल्लक होती. अजून दोन वेळा घसरलं असतं तर पिन गोल होऊन बसली असती, आणि मग ती काढायला काय काय करावं लागतं ते मी एका मित्राच्या गाडीवर बघितलंय.

होल्डर हातात घेऊन नीट बघितला तर तोंडाला बारीक चीर गेलेली. नंतर शांतपणे विचार केल्यावर कारण कळलं. बिटाचं टोक ७ एमएम, पण मागची दांडी पाव इंची, म्हणजे ६.३५ एमएम. टोकापेक्षा दांडीच बारीक, सगळा पीळ त्या दांडीवर आणि होल्डरच्या पातळ भिंतीवर. शिवाय होल्डरच्या तळाशी चुंबक होतं आणि त्याला लोखंडाचा बारीक चुरा चिकटून थर झालेला (ब्रेकजवळ काम केलं की हे होतंच), त्यामुळे बिट तळापर्यंत बसतच नव्हता. मी चुरा टेपने उचलून काढला तेव्हा तोच बिट चांगला मिलीमीटरभर आत गेला. तेव्हापासून होल्डर वापरायच्या आधी आत डोकावतोच.

दुसऱ्या दिवशी बोहरी आळीत, हार्डवेअरच्या बाजारात, गेलो. जायच्या आधी सायकलची एक जुनी तार त्या भोकात घालून बुशच्या कडेशी नखाने खूण केली आणि पट्टीवर मोजली, हे सगळ्यात उपयोगी पडलं. दुकानातल्या काकांना म्हटलं सातचा बिट सॉकेट पाहिजे, तर त्यांनी विचारलं, "एलन गोटी ना? तीन सूत की चार सूत?" गोटी म्हणजे सॉकेट, एलन गोटी म्हणजे पुढे एलनचा बिट बसवलेलं सॉकेट, आणि सूत हे रॅचेट जिथे बसतं त्या चौकोनाचं माप: तीन सूत म्हणजे ३/८ इंच, चार सूत म्हणजे अर्धा इंच. अर्ध्या इंचाचं माझं रॅचेट डोक्याला जाड आहे, तिथे फिरवायला जागा कमी, म्हणून तीन सूतचंच घ्यायचं ठरवलं, जरी आपल्याकडे ते दोनच दुकानांत मिळालं. काका म्हणाले, "साहेब, आखूड नको, लांब घ्या, अडकत नाही." मी तारेवरच्या खुणेशी लावून बघितलं, लांबच बरोबर होती.

तिथे तीन-चार वेगवेगळ्या गोट्या हातात घेऊन बघितल्या. एकात बिट नुसता दाबून बसवलेला आणि बोटांनी हलवला तर हलत होता, ती बाजूला ठेवली. दुसरीत बिट बारीक ग्रब स्क्रूने (बिनडोक्याच्या स्क्रूने) अडकवलेला, म्हणजे बिट तुटला तर तेवढाच बदलता येतो, हे मला आवडलं. तिसरीचं टोक इतकं तिरकं घासलेलं होतं की आतल्या षटकोनाला धरायला सरळ बाजू कमीच उरत होती, उथळ बोल्टला ते घसरणार. मी ग्रब स्क्रूवालीच घेतली. सोबत ७२ दातांचं तीन सूतचं रॅचेट, ते ५ अंशाला पुढचा दात धरतं, माझं जुनं ३६ दातांचं १० अंशाला धरायचं. कॅलिपरच्या मागे हात इतका कमी हलतो की हा फरक खरंच जाणवतो.

पिनच्या आतला मळ टोच्याने खरवडला, गोटी आत घातली, मागून हातोडीचा हलका ठोका दिला. ठक असा भरीव आवाज आला म्हणजे तळाला बसली. पहिला जोर रॅचेटने न देता लांब दांड्याने दिला, पिन कर्र् करून सुटली आणि पुढे रॅचेटने पाच मिनिटांत बाहेर. पॅड घातल्यावर तीच गोटी टॉर्क रेंचला (ठरलेल्या जोरापर्यंतच आवळायच्या पान्याला) लावून मॅन्युअलमधल्या आकड्यावर घट्ट केली. साध्या एल आकाराच्या एलनला टॉर्क रेंच लावता येत नाही, आणि ब्रेकच्या पिना अंदाजाने आवळायची माझी तयारी नाही.

होल्डर फेकला नाही, नवीन घेतला, चुंबकाऐवजी आत स्प्रिंगची रिंग असलेला. खालच्या पत्र्याचे टी-२५ मापाचे स्टार (ताऱ्यासारख्या खाचेचे) स्क्रू, फेंडरच्या आतलं प्लास्टिक, असल्या हलक्या कामाला तो झकास आहे, बिट पटकन बदलतो आणि उलटा धरला तरी पडत नाही. त्यात आता स्टारच ठेवतो, टी-३० च्या वर जात नाही.

पुढचं काम ड्राइव्ह शाफ्टच्या (चाकाला फिरवणाऱ्या दांड्याच्या) बूटचं, म्हणजे त्याच्या सांध्यावरच्या रबरी टोपणाचं. तिथले बोल्ट बारा दातांचे आहेत, लांबून स्टारसारखे दिसतात, पण स्टारचे दात सहाच असतात, तो घातला तर बोल्टचं तोंड वाया जातं. तिथेही तार घेऊनच खाली शिरणार, दात मोजणार, खोली मोजणार, आणि मग काकांकडे.